रूथचा प्रार्थनेचा विषय

बंधुभगिनींनो, पाळकसाहेब,

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे रूथला निरोप द्यायला आलात. मला बोलणं जड जातंय, पण गप्प बसणं त्याहून जड आहे. मघापासून तीन जण बोलले आणि तिघांनीही सांगितलं की रूथच्या मनाला मत्सर कधी शिवलाच नाही.

खोटं आहे. शिवला होता. चांगला शिवला होता. आणि तिला मत्सर वाटायचा तो माझा.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. रूथ माझ्याहून सहा वर्षं सिनियर. पहिलीच्या पोरांना अक्षर शिकवावं तर तिनंच. पण मुख्याध्यापिका कोणाला केलं? मला. का? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलायचे, म्हणून.

नंतर एका बुधवारी, आपल्या कॅम्प-१ वस्तीत, तिच्याच घरी प्रार्थनासभा होती. प्रार्थनेचे विषय विचारले. कोणी बदली सांगितली, कोणी मुलाची परीक्षा. रूथ उभी राहिली. म्हणाली, "मले एस्तेरची जलन होते. जेवण गोड लागत नाही. माह्यासाठी प्रार्थना करा."

मी समोरच बसलेली! हातात तिच्याच घरचा चहा! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, असलं काही देवाला सांगावं, शेजारणींना नाही. बाहेर येताच मी तिला गाठलं. "सगळ्यांसमोर कावून बोललीस?"

"इज्जत गेली ते माही गेली. तू कावून भडकून राहिली?"

त्यानंतर दर बुधवारी ताप सांगावा तसं सांगायची. "या हप्त्यात थोडी कमी आहे." "आज परत वाढली, तिची नवी साडी पाहून." आणि माझं नाव घेऊन प्रार्थना करायची. "प्रभू, एस्तेरची शाळा चांगली चालू दे." सुरुवातीला दात-ओठ खाऊन. मी ऐकलंय. दीड वर्ष, बंधुभगिनींनो, दीड वर्ष! मग एका बुधवारी म्हणाली, "तो विषय झाला. आता माह्या गुडघ्यांसाठी करा." सगळे हसले. मी नाही हसले.

ही मेहनत होती. तिची आणि प्रभूची. ती जन्मतःच निर्मळ होती असं सांगून तुम्ही ती मेहनत पुसून टाकता? कोणत्या हक्कानं?

आणि मी? मला ती दर वेळी विचारायची, "एस्तेर, तुहा काही विषय?" मी म्हणायचे, बीपी. मागच्या महिन्यात, अंथरुणातून उठवत नव्हतं तिला, तरी विचारलं. मी म्हणाले, बीपी.

बीपी नव्हतं ते. हा हॉल बघा. बाहेर उभे आहेत ते बघा. तिने हात धरून लिहायला शिकवलेली पोरं, आता केस पिकलेली. माझ्या दारी एकही विद्यार्थी येत नाही. वर्षानुवर्षं मला हे डाचलं, आणि तिच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू या. रूथला आपल्या प्रार्थनेची गरज उरलेली नाही. मला आहे. पाळकसाहेब, माझा विषय लिहून घ्या. मला रूथची जलन होते. आजही होते.

उठा.