आधी मागितलेलं, मागून आलेलं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या कंपनीचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे आणि समोर बसून हळूच फोनमध्ये डोकावणाऱ्या माझ्या लेकरांनो,

माझी नात आज इथली नोकरी सोडून तुमचा निरोप घेतेय. मला तिने बजावलंय, "आजी, दोनच शब्द बोल." कोणते दोन, ते काही सांगितलं नाही!

तुमच्या ॲपमध्ये माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं की त्याच्या गोळ्यांची चित्रं येतात. मला अक्षरओळख नाही, तेव्हा ही सोय माझ्यासारखीसाठीच. डॉक्टरांनी माझ्या गोळ्या नुकत्याच बदलल्या होत्या. त्या सकाळी मी आधी आमच्या ह्यांच्या फोटोवर बोट ठेवलं. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. कंटाळून माझ्या फोटोवर ठेवलं. माझ्या गोळ्या लगेच आल्या. पण मी पाणी घेऊन येईपर्यंत माझ्याच फोटोखाली ह्यांच्या येऊन बसल्या! चित्र बघून मी गोळी तोंडाशी नेली, तोच नात किंचाळली, "आजी, थांब! ती आजोबांची!" म्हटलं, जन्मभर मागून येऊन माझ्या ताटात हात घातला, आता फोनमध्येही?

हसू नका. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हणाली, "अगं, आधी मागितलेलं आधीच येईल असं नसतं." त्यातून ॲपच्या प्रत्येक पडद्यासाठी माहिती मागवायचा कोड ज्याने त्याने आपापला लिहिलेला. एक दुरुस्त करावा, तर दुसरा तसाच. मग हिने सगळ्यांसाठी मिळून एकच लिहिला. कुठल्याही पडद्याला जोडा. तो माहिती मागवतो, येईपर्यंत धीर धरायला सांगतो, नाहीच आली तर तसं तोंडावर सांगतो; आणि तुम्ही पुढे गेलात, की मागचं रेंगाळत आलेलं उत्तर दारातूनच परत धाडतो. असं वळण आमच्या ह्यांना लागलं असतं तर!

आता तिचं एकच मागणं आहे. हा कोड बाहेरच्यांनाही फुकट वापरू द्या. म्हाताऱ्या काय फक्त आमच्याच घरी आहेत? पण साहेब म्हणतात, "बघू." साहेब, 'बघू' म्हणजे 'नाही', हे मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकले! पोर भिडस्त, उद्यापासून तर तिला विचारायचीही सोय नाही. म्हणून मीच विचारते, सगळ्यांदेखत. देणार ना?

नुसती मान हलवू नका, माझी नजर अधू आहे. हा घ्या माईक.

ऐकलंत? "दिला," म्हणाले! अगं, रडतेस काय वेडे, टाळ्या वाजव!

साहेब, तुमचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. जिभेला हाड नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर म्हातारीची चूक पोटात घाला. आणि साहेब, माझा राग आला असेल तर मला खुशाल बोला, शब्द तेवढा मागे घेऊ नका.