मारेकचा आक्षेप

(दिघीतलं घर. रहमतबी आणि तिची लेक जास्मिन. जास्मिनपुढे उघडा लॅपटॉप.)

रहमतबी : कंपनीची बस सोडलीस. सकाळपासनं पोटात घास न्हाई. कोन व्हता त्यो, सरळ सांग.

जास्मिन : तसं काही नाही, अम्मी. साठी उलटलेला माणूस होता. पोलंडचा. मारेक.

रहमतबी : तुमचा सायब?

जास्मिन : नाही गं. आम्ही काहीजण घरून लसीकरणाच्या नोंदीचा प्रोग्रॅम करतो ना, फुकट, कोड सगळ्यांना खुला... त्यात होता.

रहमतबी : बघितलंस कधी त्याला?

जास्मिन : फोटोसुद्धा नाही.

रहमतबी : मग एवढं रडायला काय झालं?

जास्मिन : आमच्यात काम सुरू करण्याआधी आराखडा लिहितात. काय करायचं, कसं, आणि तसंच का. तो सगळ्यांसमोर ठेवायचा, कोणीही चूक दाखवावी. माझा आराखडा बाकीच्यांनी वरवर चाळला, छान म्हणाले. त्याने ओळ न् ओळ वाचली.

रहमतबी : आन् नावं ठिवली.

जास्मिन : एकाच गोष्टीवर अडून बसला. एका बाळाची नोंद दोन नर्सनी वेगवेगळी केली, तर मी जुनी पुसणार होते. तो म्हणे, पुसायचं नाही. दोन्ही ठेवा, खरी कुठली ते माणूस ठरवेल. पावसाळाभर भांडलो.

रहमतबी : परक्या मानसासंगं?

जास्मिन : मी चिडून लिहायचे, तो शांतपणे उत्तर द्यायचा. शेवटी पटलं मला. सगळं बदललं आणि लिहिलं, तुमचं बरोबर होतं, एकदा बघून घ्या. उत्तर नाही. काल त्याच्या मुलीचा मेल आला, बाबा गेले म्हणून.

रहमतबी : इन्नालिल्लाह. त्यानं वाचलं का गं तुजं?

जास्मिन : काय माहीत. दवाखान्यात होता. ज्याचा आक्षेप, त्यानेच मिटला म्हणायचं, अशी आमची रीत. आता सगळे म्हणतात, तूच मिटव, काम पुढे जाऊ दे. मला ते ‘आक्षेप मिटला’चं बटण दाबवत नाही.

रहमतबी : एवढं भांडला, म्हंजी जीव लावून वाचत व्हता बिचारा.

जास्मिन : तसं कोणी वाचलं नव्हतं माझं.

रहमतबी : पोरगी काय म्हंती?

जास्मिन : म्हणते, बाबा नाश्त्याला बसून तुमची उत्तरं वाचायचे आणि हसायचे. आणि विचारते, तुमचं भांडण होतं तरी कशावरून?

रहमतबी : मग लिही की तिला.

जास्मिन : काय लिहू, अम्मी?

रहमतबी : लिही, तुजा बाप बरोबर व्हता.