बुरशीचं नाव घेतलं म्हणून

जमलेल्या माझ्या माणसांनो,

मला बोलायला उभं केलंत, तर बोलू द्या. थोडं दुःखानं, जास्त संतापानं. सांभाळून घ्या.

वसुधा आणि मी इथंच सुरतेत एका कॉलेजात शिकवायचो. ती वनस्पतिशास्त्र, मी गणित. मक्यावर येणारी हिरवट बुरशी हा तिचा अभ्यास. ही बुरशी दाण्यात विष सोडते, माणसाचं यकृत पोखरते. वसुधा म्हणायची, "दोन बुरश्या दिसायला अगदी सारख्या. एक विषारी, दुसरी निरुपद्रवी. फरक जनुकांत आहे. तो कळला, तर निरुपद्रवी बुरशी शेतात सोडून विषारीला हुसकावता येईल." त्यासाठी तिनं बारडोलीपासून धुळ्यापर्यंत शेतं पालथी घातली. बुरशीचे नमुने आणले, काचेच्या नळ्यांत वर्षानुवर्षं जगवले.

मग उधन्याच्या कामगार वस्तीतून इंदूबाई आल्या. त्या आज मागे बसल्या आहेत. पिशवीत मक्याचं पीठ होतं. म्हणाल्या, "ताई, भाकर कडू लागस. आमना मालकले कावीळ व्हयनी."

वसुधानं पीठ तपासलं. विष होतं. भिजून बुरसटलेला मका वाळवून, दळून त्याच वस्तीत स्वस्तात विकला जात होता. आणि विकणारा आमच्या कॉलेजच्या मंडळावर होता.

ती प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "बेन, तमे भणावो. तुम्ही शिकवा, बाकीचं आम्ही बघू."

कुणी बघितलं? कुणीच नाही.

मग तीच उधन्यात दारोदार फिरली. बायकांनी पीठ फेकून दिलं. दुकानातली पोती परत गेली. कितीतरी घरं वाचली. इंदूबाईंचे मालक मात्र वाचले नाहीत.

आणि वसुधाला काय मिळालं? सुट्टीत तिची प्रयोगशाळा उघडली गेली. सगळ्या नळ्या वाफेत घालून आतली बुरशी मारली गेली. कारण दिलं, बुरशी धोकादायक आहे. बुरशी धोकादायक, आणि ती पोत्यांत भरून विकणारा?

रिकाम्या कपाटांसमोर उभी राहून ती मला एवढंच म्हणाली, "पुन्हा जमवीन." जमवायला लागलीही. गेल्या आठवड्यात शेतातून परत येताना तिचं हृदय बंद पडलं.

आज तीच मंडळी पहिल्या रांगेत आहेत. आत्ताच त्यांनी तिला थोर संशोधक म्हटलं. कुठल्या तोंडानं?

तिचे नवे नमुने तिच्या विद्यार्थिनींनी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवलेत. ते जिवंत आहेत.

आता शांत उभे राहू या. वसुधासाठी, आणि इंदूबाईंच्या मालकांसाठी. ज्यांना त्या दोघांसाठी उभं राहता येत नसेल, त्यांनी बसून राहावं.