मोंबासाहून आप्पा परत का आले

मंडळी, आष्ट्याची, मिरजेची, सगळी हितं जमलाय. मला चुलीम्होरं हुबं ऱ्हायाची सवय, मानसांम्होरं न्हाई. तरीबी बोलनार.

मी शंकर. परवा छातीत कळ येऊन गेलेल्या बाळगोंडा आप्पांनीच मला मिरजेच्या खानावळीत आचारी केलं. स्वराज्य आल्यावर आप्पांना आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका हाटेलमालकाचं पत्र आलं. दोन आचारी पायजेत, कामाचा परवाना मी काढतो. मी म्हनलो, "आवं आप्पा, पन्नाशीत कुठं निघाला?"

"समिंदर बघितला न्हाई रं अजून!"

फोटो काढलं, पोलिसांचा दाखला आनला, पासपोर्ट घेतला आन आमी दोघं बोटीत बसलो. परवान्यावर लिवलेलं, ह्याच हाटेलात काम. मालकानं कामावरनं काढलं की माघारी.

चार म्हैन्यांत मला कावीळ झाली. पिठाच्या पोत्यांमागं पडलो हुतो. मालक म्हनला, "याचा परवाना रद्द. पुढच्या बोटीनं धाडा."

आप्पा म्हनले, "आधी डाक्तर बोलवा."

"तुमी गप ऱ्हावा. तुमाला मोठा आचारी करतो."

ऐन जेवनाची येळ. भाईर गिऱ्हाईक ताटावर बसल्यालं. आप्पांनी कमरंचा पंचा सोडला, झारा खाली ठेवला. "माझाबी परवाना रद्द करा. पर पोरगं बरं झाल्याबिगर बोटीत चढनार न्हाई. तवर तुमची चूल तुमी बघा."

डाक्तर आला, मंडळी! तासाभरात आला! त्येच्या औषधानं मी बरा हून हुबा ऱ्हायलो, आन मग मालकानं दोघास्नीबी माघारी धाडलं.

बोटीत मी रडलो. "आप्पा, माझ्यापायी तुमचं गेलं."

"काय गेलं? समिंदर दोनदा बघितला की. चल, जेवून घे."

गावात लोकं म्हनली, आप्पाला हाकलून दिलं. हसली. त्यातली काही आज हितं बसल्यात. बसा! ऐका! आप्पांना कुनी हाकललं न्हाई. मला जित्ता आनायला ते सोताहून आले. व्हय, सोताहून!

आजबी हितल्या दोघांच्या खिशात तसली पत्रं हायती. जावा गड्यांनो, बिनधास्त जावा. पर आजारी पडलो तर काय करनार, हे मालकाकडनं आधी लिवून घ्या. लिवून देत न्हाई म्हनला, तर मिरजेत चुली कमी हायती का?

आता समद्यांनी हुबं ऱ्हावा. आप्पांसाटी दोन मिंटं गप ऱ्हाऊ. पर कुनी मान खाली घालू नगा. त्या मानसानं कवाच घातली न्हाई.