कोणी वापरतं का?

डॉक्टर: हलू नका भावोजी, तोंड असंच उघडं ठेवा. मावशी, पडद्यावर हिरवा ठिपका आला का?

मावशी: नाही मॅडम, लालच आहे. खाली लिहून आलंय, एक्स-रेचा सेन्सर सापडत नाही.

डॉक्टर: सापडत नाही कसा? भावोजींच्या तोंडात माझ्या हातानं ठेवलाय मी.

भावोजी: आँ... ऑ आ...

डॉक्टर: तुम्ही बोलू नका, दाढेच्या मुळात सुई आहे. मावशी, वायर एकदा काढून घाला.

मावशी: दोनदा घातली. सकाळी मिनिटभर लाइट गेले होते ना, तेव्हा कॉम्प्युटर बंद पडून परत लागला. तेव्हापासूनच रुसलाय.

भावोजी: आँ! आँ आँ!

डॉक्टर: दुखतंय का? थांबा, सेन्सर काढते. सुईही काढते. आणि दाढेभोवतीचं हे रबर जरा सैल करते. हं, बोला आता. सावकाश, अर्धी जीभ बधिर आहे.

भावोजी: दुखत नाहीये गं. मला तो कॉम्प्युटर बघू दे, दोन मिनिटांत लावतो.

डॉक्टर: उठायचं नाही.

भावोजी: अगं, माझं पोट त्यावर चालतं!

डॉक्टर: आणि तुम्हाला या खुर्चीत बसवायला मला तीन वर्षं लागली. मागच्या वेळी ‘गाडी नीट लावून येतो’ म्हणून गेलात, ते थेट रविवारी जेवायलाच उगवलात.

भावोजी: गाडी खरंच वाकडी लावली होती.

मावशी: साहेब कॉम्प्युटरचं नेमकं काय करतात?

डॉक्टर: विचारू नका मावशी. आज तोंडात बोळे आहेत तोवर बरंय.

भावोजी: सांगतो की. कॉम्प्युटरच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. प्रिंटर, कीबोर्ड, तुमची ही एक्स-रेची पेटी, असं जे जे जोडाल ते ओळखायचं आणि चालवायचं काम तो करतो. प्रत्येक यंत्राशी बोलायला त्याच्याकडे एकेक ड्रायव्हर असतो. जगभरची माणसं मिळून ते लिहितात, त्यातला एक मी.

मावशी: म्हणजे तुम्हीच हे नीट करू शकता.

भावोजी: बघ! मावशींना कळतं.

डॉक्टर: मावशींना तुमचा पळपुटेपणा ठाऊक नाही. पडून सांगा काय ते, मावशी करतील. माझे हात मोज्यांत आहेत, मी कीबोर्डला हात लावणार नाही.

भावोजी: त्यापेक्षा तू दाढ काढूनच टाक ना. नाहीतरी तीन वर्षं एकाच बाजूनं चावतोय. अडलं का माझं काही?

डॉक्टर: चांगली दाढ आहे. मुळं इतकी घट्ट आहेत की काढताना मलाच घाम फुटेल. नुसती आतली नस सडलीय. ती साफ करायला मुळाची लांबी कळायला हवी, आणि तुमच्या मुळाला आहे वाक. फोटोशिवाय अंदाजानं गेले तर एकतर घाण आत राहील, नाहीतर सुई पलीकडे जाईल.

भावोजी: मग आज बुजवून टाक. पुढच्या आठवड्यात येतो.

डॉक्टर: येणार नाही तुम्ही. मला माहीत आहे, ताईला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. मग पुढच्या वेळी ही दाढ खरंच काढावी लागेल. इंजेक्शनचा असर आणखी अर्धा तास आहे. तेवढ्यात काय ते करा.

भावोजी: अगं, भीती वाटते मला. सुईची नाही, त्या फिरत्या यंत्राच्या आवाजाची. लहानपणापासूनची आहे. हसू नकोस.

डॉक्टर: हसत नाहीये. म्हणून तर म्हणते, आज बसला आहात तर आजच संपवू.

भावोजी: बरं. मावशी, ती लाळ ओढायची नळी माझ्या हातात द्या, मी धरतो. तुम्ही कॉम्प्युटरपुढे बसा. हा बंद कधी करता तुम्ही?

मावशी: करतच नाही. संध्याकाळी पडदा झाकून ठेवते फक्त.

भावोजी: तरीच!

डॉक्टर: काय तरीच? भावोजी, रविवारी जेवायच्या आधी तुम्हीच बसला होतात ना याच्यापुढे?

भावोजी: नवा कर्नल घातला गं. जुनाट झाला होता, म्हटलं मेव्हणीचं काम आहे, चकाचक करून देऊ. पण कॉम्प्युटर बंद होऊन परत लागेपर्यंत जुनाच चालू राहतो. म्हणून सोमवार, मंगळवार ठीक गेले. आज लाइट गेले आणि नवा आला.

डॉक्टर: म्हणजे माझा चाललेला संसार तुम्ही बिघडवलात.

भावोजी: असं एकदम नको म्हणूस, आधी बघू तरी. मावशी, ती काळी खिडकी उघडा, खाली डावीकडची. मी अक्षरं सांगतो. एल, एस, यू, एस, बी. आता एंटर. जोडलेल्या यंत्रांची यादी येईल.

मावशी: सात ओळी आल्या.

भावोजी: त्यात तुमच्या पेटीचं नाव दिसतंय का? पेटीवर काय लिहिलंय?

मावशी: पेटी पाठ आहे मला. चौदा वर्षं रोज पुसतेय. एकदा पडली होती, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलीय. नाव टीआर चाळीस. हो, चौथ्या ओळीत आहे बघा.

डॉक्टर: म्हणजे कॉम्प्युटरला पेटी दिसतेय. मग अडलंय कुठं? भावोजी? अहो भावोजी, बधिरपणा उतरून मुंग्या यायला लागल्या का?

भावोजी: नाही.

डॉक्टर: मग नळी तोंडातून का काढलीत? दुखतंय?

भावोजी: दाढ नाही दुखत. मावशी, नीट बघा. टीआर चाळीसच?

मावशी: चारावर शून्य, साहेब.

भावोजी: पेटी दिसतेय, पण तिच्याशी बोलायचं कसं ते नव्या कर्नलला माहीत नाही. तिचा ड्रायव्हर त्यातून काढून टाकलाय. गेल्या वर्षी.

डॉक्टर: कोणी?

भावोजी: तो विभाग जो सांभाळतो त्यानं.

डॉक्टर: कोण सांभाळतो?

मावशी: मॅडम, साहेबांनी डोळे मिटले.

डॉक्टर: भावोजी!

भावोजी: मीच. पण विचारून काढला गं! रीतसर. जुना ड्रायव्हर काढायच्या आधी आम्ही सगळ्यांना पत्र टाकतो. ‘हे यंत्र अजून कोणी वापरतं का? वापरत असाल तर कळवा.’ जगभर जातं ते. सहा महिने वाट बघितली. चिटपाखरूसुद्धा बोललं नाही.

डॉक्टर: मला आलं होतं ते पत्र?

भावोजी: तू त्या यादीत नाहीस.

डॉक्टर: त्या सहा महिन्यांत माझ्याकडे किती वेळा जेवलात?

भावोजी: दर रविवारी.

डॉक्टर: दवाखाना खाली, जेवणाचं टेबल वर. म्हणजे पेटी तुमच्या पायाखाली होती. सगळ्या जगाला विचारलंत, पण तेव्हा जिना उतरून खाली आला नाहीत.

भावोजी: मला वाटलं, इतकं जुनं यंत्र आता कोण वापरणार?

मावशी: मी एक बोलू का साहेब? ते पत्र मला जरी आलं असतं, तरी मला काय कळणार होतं? आत तुमचं काहीतरी आहे आणि त्यावर आपली पेटी चालते, हे मी आज ऐकतेय. चाललंय तोवर आत कोण डोकावतं?

भावोजी: खरंय मावशी. ज्याचं बिघडतं तोच आम्हाला लिहितो. ज्याचं सुरळीत चालतं त्याचं नावही आम्हाला माहीत नसतं.

डॉक्टर: आणि इथं पडून मला सांगताय, ‘काढून टाक, अडलं का काही?’

भावोजी: मार आता टोमणे. तोंड तुझ्याच हातात आहे.

डॉक्टर: टोमणे पुरवून पुरवून मारीन, सवडीनं. वेळ कमी आहे. उपाय सांगा.

भावोजी: उपाय सोपा आहे. नवा कर्नल घातला तरी जुना लगेच जात नाही, बाजूला ठेवलेला असतो. कॉम्प्युटर परत सुरू करताना जुना निवडायचा, की झालं.

डॉक्टर: मग निवडू या!

भावोजी: निवडला असता. पण मला एक खोड आहे. काम झालं की जुने कर्नल मी झाडून टाकतो. रविवारी टाकले की नाही, तेच आठवत नाहीये.

डॉक्टर: आठवा.

भावोजी: नवा घातला... मग झाडायची आज्ञा लिहायला घेतली... एंटर मारला का? देवा रे.

डॉक्टर: तेव्हाच ताईनं हाक मारली होती. ‘ताटं वाढलीत, आता नाही आलात तर मी जेवून घेते.’

भावोजी: हो! पण मी एंटर मारून उठलो की न मारता?

डॉक्टर: तिची दुसरी हाक येईपर्यंत थांबायची तुमची हिंमत नाही.

भावोजी: ते बाकी खरं. मावशी, करा बंद आणि परत सुरू. सुरू होता होता डावीकडच्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचं. लगेच.

(कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.)

मावशी: दाबलं. काही आलं नाही साहेब. नेहमीचा निळा पडदा आला.

भावोजी: उशीर झाला. माझीच करणी. निवडायची यादी तीन सेकंद दिसायची, ती मी शून्यावर नेली. म्हटलं, तेवढाच तुमचा वेळ वाचेल.

डॉक्टर: वाचला हो वाचला! आता ते तीन सेकंद मला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालंय.

भावोजी: मावशी, पुन्हा. या वेळी वाट बघू नका. पडदा काळा झाला की टक टक टक टक, दाबत सुटा.

डॉक्टर: नळी नीट धरा भावोजी, गळ्यात चाललंय सगळं.

भावोजी: ओठाला मुंग्या येतायत गं. खरंच येतायत.

डॉक्टर: मग मावशी, जरा घाईनं.

मावशी: टक टक टक... आली! काळ्यावर पांढरी अक्षरं आली!

भावोजी: दुसऱ्या ओळीवर जा, बाणाचं बटण दाबून. एंटर. आता किती ओळी आहेत?

मावशी: चार.

डॉक्टर: चार म्हणजे चांगलं की वाईट?

भावोजी: एकेका कर्नलच्या दोन ओळी असतात. दोनच असत्या तर नुसता नवा. चार म्हणजे जुना जिवंत आहे! घरी गेल्यावर तुझ्या ताईच्या पाया पडतो. मावशी, तिसरी ओळ. कंसात काही लिहिलेली नको, साधी.

मावशी: तिसरी साधी आहे. एंटर. चाललंय... चाललंय... निळा पडदा. आपलं फोटोचं उघडते... मॅडम, हिरवा!

डॉक्टर: हात तिच्या! मावशी, कॉम्प्युटर सोडा, नळी घ्या. भावोजी, आ करा. थोडं आणखी बधिर करते, म्हणजे घाई नको.

भावोजी: छोटे, एक मिनिट.

डॉक्टर: आता काय?

भावोजी: तो आवाज सुरू करायच्या आधी सांग मला. अचानक नको.

डॉक्टर: सांगीन. तीनपर्यंत मोजून सांगीन. सेन्सर ठेवते. सुई जाग्यावर. चला मावशी, बाहेर, दार ओढा. दाबा बटण.

मावशी: आला. किती स्वच्छ आलाय.

डॉक्टर: बघा भावोजी, हा तुमचा वाक, ही सुई. टोकापासून केसभर अलीकडे. याच्यासाठी भांडत होते मी.

भावोजी: आँ.

डॉक्टर: सुंदर आहे ना?

भावोजी: आँ आँ.

डॉक्टर: मोजते हं. एक. दोन. तीन.

*

मावशी: साहेब उठले की काय? मॅडमनी दहा मिनिटं टेकायला सांगितलंय.

भावोजी: पळत नाहीये मावशी. कॉम्प्युटरपुढे टेकलोय. जुनाच कर्नल रोज आपोआप सुरू होईल असं करून ठेवलं. आणि यादी दहा सेकंद दिसेल.

डॉक्टर: कापूस घट्ट चावा, आणि या बाजूनं आज खायचं नाही. पुढच्या मंगळवारी टोपी बसवायला या. काय, गाडी नीट लावायची आहे का?

भावोजी: येईन. चालत येईन. तशीही मला पेटी तपासायला लागणार आहे. जुना कर्नल जन्मभर पुरायचा नाही, नव्यातच तुझा ड्रायव्हर परत घालायला हवा.

डॉक्टर: काढलेला परत बसतो?

भावोजी: दाढेचं ठाऊक नाही, ड्रायव्हर बसतो. पत्र लिहितोय बघ, त्याच यादीला. ‘गेल्या वर्षी मी काढलेला टीआर चाळीसचा ड्रायव्हर परत घ्यावा. चूक माझी. यंत्र रोज वापरात आहे, आज मी स्वतः अनुभव घेतला. यापुढे देखभाल मी करीन.’

डॉक्टर: माझ्या एकटीसाठी घेतील परत?

भावोजी: सांभाळणारा आहे म्हटल्यावर घेतात. किती जण वापरतात ते मात्र विचारतील, म्हणून आधीच लिहिलंय. ‘माहीत असलेले वापरणारे: एक.’

मावशी: साहेब, पाठवलं का?

भावोजी: नाही अजून. का?

मावशी: दोन करा.