घोड्याचा एक जानेवारी

तुम्हा पेणवाल्यांना शर्यत म्हटली की बैलच दिसतात, म्हणून आधीच सांगतो, ही घोड्याची गोष्ट आहे. मी कामाला आहे त्या स्टड फार्मवर एप्रिलच्या शेवटी एक शिंगरू जन्मलं. दोन-अडीच वर्षांनी ते पहिल्यांदा शर्यतीत धावलं, तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो, आमच्या अष्टमी गावात. कासूहून मामा आला होता. दोघांनी मोबाइलवर शर्यत बघितली. आमचा घोडा शेवटून पहिला आला.

"आजारी हाय काय?" मामाने विचारलं.

"नाय. बाकीचे जानेवारीतले, चार-चार महिन्यांनी मोठे. पण एकाच वयाचे म्हणून पळवतात, कारण कागदावर सगळ्या घोड्यांचा जन्म एक जानेवारीचाच धरतात."

मामाने कप खाली ठेवला. "सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

आता मामाचं सांगतो. तो जन्मला दिवाळीनंतर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून लावून टाकला. त्यापायी रोह्याच्या कंपनीतून मामा पाच महिने आधीच रिटायर झाला.

मामाने मोबाइलमधला घोडा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "आमचे गुरुजी बदली होऊन तिकडंच गेले वाटतं."