‘घेतली’ म्हटल्याशिवाय

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, संग्रहालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मांडीवर भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन अवघडून बसलेल्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि मित्रमैत्रिणींनो,

बाई आज निवृत्त होताहेत आणि उद्यापासून जुन्या सुऱ्या-चाकूंचा विभाग माझ्याकडे येतोय. म्हणून बोलायचं मी, असं ठरलं. भाषण लिहून आणलं होतं, पण ते फार शहाण्यासारखं झालंय, तेव्हा राहू द्या.

बाई सुरी कशी तपासतात, पाहिलंय तुम्ही? आधी भिंग नाही, आधी नाक! एक हौशी संग्राहक ‘तीनशे वर्षांपूर्वीची’ सुरी घेऊन आले होते. गंजही अगदी ऐतिहासिक. बाईंनी हुंगली आणि विचारलं, “व्हिनेगरचा वास येतोय. हिने सॅलड कापलं, की हिचंच सॅलड केलंत?” ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत आहेत. हसताहेत बघा! विकणाऱ्याने व्हिनेगरने गंज चढवून त्यांना फसवलं होतं. तेव्हापासून बाईंना दाखवल्याशिवाय ते काही घेत नाहीत.

मग मूठ. शिंगाच्या मुठीवर अंगठ्याने पडलेला खळगा दाखवून बाई म्हणायच्या, “इथे तुझा अंगठा ठेव. बसला? म्हणजे बाईमाणसाची सुरी. आता तिला नीट धर.”

आणि बाईंचा तो नियम! सुरी देताना मूठ समोरच्याकडे, आणि समोरचा ‘घेतली’ म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. बाई नवीन असताना त्यांच्या आणि त्यांच्या साहेबांच्या हातांमधून एक सुरी निसटली. साहेबांना वाटलं बाईंनी धरलीय, बाईंना वाटलं साहेबांनी. फरशीवर पडून टोक गेलं. ती सुरी बाईंनी कायम टेबलावर ठेवली. नियम घरीही गेला. यजमान सांगतात, “चहाचा कप धरून दोघं उभे. मी ‘घेतला’ म्हणेपर्यंत ही सोडत नाही. चहा निवतो हो!”

आज सकाळी बाईंनी तीच टोक तुटलेली सुरी माझ्यापुढे केली. मी मूठ धरली. पण तो एवढासा शब्द काही तोंडातून फुटेना. म्हटला की बाई हात सोडणार, आणि मग खरंच जाणार. मी म्हटलं, “बाई, आधी चहा घेऊ या.”

“पळतेस? पळ. पण मी अजून सोडलेली नाही.”

त्या गुच्छाखाली सुरीची पेटी आहे. मला इथून दिसतेय, बाई.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या. आता माझं एक काम उरलंय. त्याला माईक लागत नाही, पण तुम्ही साक्षीला हवेत.

बाई, उघडा पेटी. हं. धरली. नीट धरलीय, अंगठा खळग्यात आहे.

घेतली.

अहो बाई... घेतली म्हटलं ना! आता तुम्ही सोडा.